रीलवर कोणता तंगूस चढवायचा?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या तलावांवर आता बांबूच्या काठ्यांच्या जोडीला रीलचे रॉडही दिसायला लागले आहेत. फायबरचा रॉड, त्यावर २५०० किंवा ३००० नंबरचं स्पिनिंग रील (नंबर जितका मोठा तितकं रील मोठं) आणि रीलवर कंपनीनंच गुंडाळून दिलेला फुकटचा तंगूस, म्हणजे गरीचा दोरा. सुरुवातीचे काही रविवार मजेत जातात. मग एक दिवस गरी फेकली की पाण्यात गरीऐवजी तंगुसाचा गोळा पडतो. तो सोडवता सोडवता सकाळ सरते आणि शेजारी काठी धरून बसलेले काकाजी विचारतात, "काय जी, मासे पकडून राह्यले का सूत कातून राह्यले?"

यानंतर माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "याच्यापेक्षा मजबूत दाखवा." दुकानदार जाडजूड तंगूस काढून देतो, "हा घ्या भाऊ, वीस किलोचा आहे, तुटणारच नाही." तो तुटत नाही हे खरं, पण रीलवर आधीच्यापेक्षा जास्त गुंततो. कारण स्पिनिंग रीलसाठी तंगूस घेताना पहिला प्रश्न "किती किलोचा" हा नसतोच. पहिला प्रश्न "किती जाड आणि किती मऊ" हा असतो. किलोचा नंबर नंतर येतो.

हे असं का, ते कळायला रील काय करतं ते पाहावं लागतं. बांबूच्या काठीला तंगूस टोकाशी बांधलेला असतो. तो कुठं गुंडाळायचा नसतो, त्यामुळे जाड असो की कडक, काही बिघडत नाही. स्पिनिंग रीलमध्ये गरी फेकताना स्पूल, म्हणजे तंगूस ज्यावर गुंडाळतात ती फिरकी, फिरत नाही. तारेची कमान उघडली की स्थिर स्पूलच्या काठावरून तंगूस वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जातो. मूठ, म्हणजे रीलचं हँडल, फिरवून परत ओढताना स्पूल फक्त खाली-वर होतो, त्याच्याभोवती रोटर नावाचा फिरता भाग फिरतो आणि तंगूस गुंडाळत जातो. स्थिर स्पूलची ही मूळ कल्पना इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थची. कापडधंद्यातला हा माणूस. १९०५ मध्ये त्यानं अशा रीलचं पेटंट घेतलं. सूत टोकावरून सरसर कसं सुटतं हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. आपल्या वर्धा-सेवाग्रामकडे तर हे समजवायला गिरणीही नको. चरख्यावर चातीच्या, म्हणजे फिरत्या टोकदार सळईच्या, टोकावरून कापसाचा पेळू ओढला की चातीच्या दर फेऱ्याला धाग्यात एक पीळ बसतो. रीलवरही नेमकं तेच होतं: रोटरच्या दर फेऱ्याला तंगुसाला एक पीळ. सुताला तो हवा असतो, तंगुसाला नको असतो, एवढाच फरक.

फेकताना हा पीळ उलट्या दिशेनं सुटतो, म्हणून जमाखर्च साधारण बरोबरीत राहतो. पण तंगूस जाड आणि कडक असेल तर तो स्पूलवर नीट बसत नाही. जरा ढील मिळाली की स्प्रिंगसारखा उसळून काठावरून खाली येतो. वर त्याला स्पूलच्या आकाराचं वळण लागून राहतं. महिनाभर कोपऱ्यात पडलेल्या रीलचा तंगूस सोडून पाहा, सरळ पडायच्या ऐवजी बांगड्या-बांगड्या होऊन पडेल. स्पूल जितका लहान आणि तंगूस जितका जाड, तितक्या या बांगड्या हट्टी.

म्हणून जाडीची हद्द आधी ठरवायची. साध्या नायलॉनच्या तंगुसासाठी १००० ते २००० नंबरच्या रीलवर ०.२२ ते ०.२५ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. २५००-३००० वर ०.२५ ते ०.३० मस्त चालतो, ४००० वर ०.३५ पर्यंत. ०.४० किंवा ०.५० चा तंगूस हाताच्या दोरीला ठेवा, या रीलांवर त्याचं काम नाही.

स्पूलवर बारीक अक्षरांत ०.२५–२०० असं काहीतरी छापलेलं असतं. ०.२५ मिलिमीटरचा तंगूस २०० मीटर मावतो, असा त्याचा अर्थ. जाडी बदलली तर किती मावेल हे सरळ प्रमाणात काढू नका; इथं वर्गाचा हिशेब लागतो. ०.३५ चा घेतला तर ०.२५ ला ०.३५ नं भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि २०० नं गुणायचं. उत्तर येतं १०२ मीटर. जाडी दीडपटही झाली नाही आणि लांबी निम्म्यावर आली. उलट ०.२० चा घेतला तर ३१२ मीटर मावेल. दुकानात १०० मीटरची एक गुंडी घेऊन ती मोठ्या स्पूलवर चढवणारे पुष्कळ असतात. स्पूल अर्धा रिकामा राहतो, तंगूस खोल तळातून निघून काठाला घासत बाहेर पडतो आणि गरी हवी तेवढी लांब जात नाही. दोष मग रॉडला.

आता किलोचं पाहू. पाकिटावर बहुधा पौंड लिहिलेले असतात. एक पौंड म्हणजे ०.४५ किलो, म्हणजे १० पौंडाचा तंगूस साडेचार किलोचा. चांगल्या कंपनीचा ०.२५ चा नायलॉन साधारण ८ पौंडांच्या आसपास भरतो, ०.३० चा १२ च्या आसपास. स्वस्त मालाच्या पाकिटावर ०.२५ आणि २५ पौंड असं दोन्ही लिहिलेलं दिसलं तर दोघांपैकी एक आकडा खोटा आहे. बहुतेक वेळा जाडी कमी सांगितलेली असते. गावात लेथवाला असेल तर त्याच्या मायक्रोमीटरवर धरून पाहा, एका मिनिटात खरं-खोटं कळतं.

आणि पाच किलोच्या माशाला पाच किलोचा तंगूस लागतो, हाही एक गैरसमज. पाण्यात मासा वजनानं लटकत नाही, तो ओढतो. तो जोरात ओढायला लागला की तंगूस सोडून द्यायचं काम रीलचा ड्रॅग करतो. स्पूलच्या डोक्यावर किंवा रीलच्या मागे जो फिरवायचा खटका असतो तो हा. तंगुसाच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग सुटायला हवा. घरी कापूस किंवा धान्य तोलायचा स्प्रिंगचा काटा असेल तर तंगुसाचं टोक त्याला बांधा, रॉड उभा धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. सहा किलोच्या तंगुसावर काटा दीड ते दोन किलो दाखवत असताना ड्रॅग कर्र करून सुटला की झालं. असा ड्रॅग लावला तर पाच किलोचा कटलाही दमून काठाला येतो. वीस किलोचा तंगूस लावला तरी त्या रीलचा ड्रॅग आणि तो रॉड वीस किलोचा जोर घेणारच नसतो. तंगूस शाबूत राहील आणि रॉडचे दोन तुकडे होतील.

बाजारात आता तीन जातींचा माल मिळतो.

पहिली जात नायलॉनची, एकाच तंतूची. आपण ज्याला इतकी वर्षं तंगूस म्हणतो तो हाच. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत तयार झालं. याचा मोठा गुण म्हणजे ताण. तुटायच्या आधी हा वीस-पंचवीस टक्के लांबतो, त्यामुळे मासा अचानक झटका देतो तेव्हा तो झटका तंगूस स्वतः गिळतो. नवशिक्याच्या चुका यात झाकल्या जातात. गाठ सोपी बसते, किंमत कमी. खोडी दोन: पाणी पितो, आणि उन्हानं मरतो. तासभर पाण्यात भिजला की थोडा कमजोर होतो आणि जास्त ताणतो. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तर माणसालाच सोसत नाही. मोटरसायकलला रॉड बांधून दुपारभर उभी ठेवली की स्पूलवरचा वरचा थर पांढुरका, खरखरीत होतो. त्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरी जात ब्रेडेडची, म्हणजे बारीक तंतूंची वेणी. हे तंतू एका खास पॉलिथिनचे असतात. चार पदरी वेणी जराशी खरबरीत पण दमदार. आठ पदरी गुळगुळीत, फेकायला छान, महाग. तिची ताकद जाडीच्या मानानं जबर असते: २० पौंडांची वेणी साधारण ०.२० ते ०.२३ मिलिमीटरची, म्हणजे ६-८ पौंडांच्या नायलॉनएवढी बारीक. स्पूलच्या वळणाची तिला आठवण राहत नाही, मऊ असते, म्हणून स्पिनिंग रीलवर ती फार गोड चालते. जपानी पद्धतीच्या पाकिटांवर पौंडांऐवजी पीई १, पीई २ असे आकडे असतात. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५. ही वेणी जेमतेम तीन-पाच टक्के ताणते. पन्नास मीटरवर माशानं गरी नुसती चाखली तरी बोटाला कळतं. पण तोच तोटाही आहे: झटका गिळणारं मध्ये काही नसल्यामुळे ड्रॅग घट्ट असेल तर माशाचा जबडा फाटतो किंवा गाठ सुटते. दगडाच्या धारेवर घासली की पटकन तुटते. हातानं ओढली तर बोट कापते, म्हणून गरी अडकली तर वेणी हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. लाकडाच्या दांडक्याला दोन वेढे द्या आणि दांडकं ओढा.

तिसरी जात फ्लोरोकार्बन. नायलॉनपेक्षा जड, म्हणून लवकर बुडतो, घासायला टिकाऊ, आणि प्रकाश त्यातून साधारण पाण्यासारखा वळतो म्हणून कमी दिसतो. दुकानदार हा शेवटचा गुण फार रंगवून सांगतात. आपल्या तलावाचं पाणी पावसाळ्यात चहाच्या रंगाचं असतं आणि उरलेल्या वर्षात हिरवट. त्या पाण्यात अदृश्य तंगुसासाठी चौपट पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. शिवाय हा कडक असतो, पूर्ण स्पूल याचा भरला तर उसळ्या मारतो. वेणीच्या पुढे हात-दीड हात तुकडा जोडायला मात्र उत्तम.

कुठल्या पाण्याला काय लावायचं, हे माशापेक्षा पाण्यातल्या अडचणींवर ठरतं. मामा तलावांचं पाहा. मालगुजारी जाऊन सत्तर वर्षांवर झाली तरी हे माजी मालगुजारी तलाव पूर्व विदर्भात हजारोंच्या संख्येनं आहेत, उथळ आणि गवताळ. काठाला बेशरमाची झुडपं, आत कमळाची पानं, मध्ये पाणगवत. मरळ बसते ती याच झाडोऱ्यात. रबराचा बेडूक पानांवरून ओढत न्यायचा, मरळ खालून फाडकन येते, तोंडात धरते आणि सरळ गवताच्या मुळात घुसते. इथं ताणणारा नायलॉन कामाचा नाही. तो लांबतो तेवढ्यात मरळीनं चार काड्यांना वेढा दिलेला असतो. पीई २ किंवा ३ ची वेणी लावा, ३००० किंवा ४००० चं रील, ड्रॅग नेहमीपेक्षा घट्ट. वेणी कोवळं गवत कापत येते हा वरचा फायदा. पुढे ०.४५-०.५० च्या नायलॉनचा वीतभर-हातभर तुकडा ठेवा, कारण मरळीला दात असतात. रीलवर नको म्हटलेल्या जाड तंगुसाची जागा इथं आहे.

पवनीजवळच्या गोसीखुर्दच्या फुगवट्यात किंवा इटियाडोहसारख्या मोठ्या जलाशयात कणकेचा गोळा, ढेप, पाव लावून रोहू-कटल्यासाठी बसायचं असेल तर वेणीच्या नादी लागू नका. या माशांचे ओठ मऊ. ०.२८ किंवा ०.३० चा मऊ नायलॉन, ड्रॅग ढिला, आणि स्पूलवर दीडशे मीटर तरी माल, कारण मोठा कटला एका धावेत तीस-चाळीस मीटर सहज नेतो. पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे असतील तर ०.३५ घ्या आणि रील ४००० चं घ्या. वैनगंगेच्या खडकाळ डोहात शिंगाडा माशासाठी तळाला गरी टाकणाऱ्यांनीही नायलॉनच घ्यावा. खडकावर वेणी टिकत नाही. दर पाच-सहा फेकींनी शेवटचा हातभर भाग नखांत धरून ओढून पाहायचा, खरबरीत लागला की कापून पुन्हा गाठ मारायची. तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात, तेव्हा संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गरी टाकू नये. अभयारण्यातल्या पाण्यावर तर विषयच नाही.

एकच गुंडी घ्यायची ऐपत असेल आणि रील २५०० चं असेल, तर मी डोळे झाकून ०.२८ चा मऊ नायलॉन सांगेन. दोन बोटांनी वेटोळं करून सोडून पाहायचं: जो आळसावून पडतो तो घ्या, जो टणकन सरळ होतो तो ठेवून द्या. संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा मात्र कुणी रीलवर चढवू नये. २०१७ पासून त्यावर राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, ती एक गोष्ट. त्यावर काचेची पूड असली तर रॉडच्या कड्याही तो खाऊन टाकतो.

चांगला तंगूस आणून तो कसाही भरला तर सगळं मुसळ केरात. रॉडला रील लावायचं, तंगूस रॉडच्या सगळ्यात खालच्या कडीतून आणून स्पूलला बांधायचा. गुंडी जमिनीवर आडवी ठेवायची, लेबल वर. ओल्या फडक्यात तंगूस चिमटीत धरून वीस-पंचवीस वेळा मूठ फिरवायची आणि थांबायचं. रॉडचं टोक गुंडीकडे झुकवून थोडी ढील द्यायची. ढिला तंगूस गुमान पडून राहिला तर ठीक. स्वतःभोवती गुंडाळून वेणीसारखा वळायला लागला तर पीळ चढतोय. गुंडी पालथी घालायची आणि पुन्हा भरायचं. एवढीशी ही गोष्ट, पण पुढच्या सहा महिन्यांचे गुंते इथंच ठरतात. भरताना काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. काठोकाठ भरला तर पहिल्याच फेकीला चार वेटोळी एकदम उडतात.

वेणी भरताना दोन गोष्टी जास्त. गुळगुळीत स्पूलवर ती पकड घेत नाही, सगळा गठ्ठा आतल्या आत फिरतो आणि माणूस ड्रॅग खराब झाला म्हणून रील उघडत बसतो. म्हणून तळाला पाच-दहा मीटर नायलॉन, त्यावर वेणी. स्पूल मोठा असेल तर अर्धा नायलॉननं भरून वर शंभर मीटर वेणी चढवा, पैसेही वाचतात. आणि वेणी चांगली ताणून भरा. ढिली भरली तर मोठा मासा लागल्यावर वरचा थर खालच्या थरांत रुततो आणि पुढच्या फेकीला मध्येच अडकतो.

मासा लागल्यावरचा पीळ वेगळाच. ड्रॅग कर्र-कर्र सुटतो आहे, मासा तंगूस नेतो आहे, आणि घाबरून माणूस जोरजोरात मूठ फिरवतो आहे, हे दृश्य दर तलावावर दिसतं. रीलवर ५.२:१ असं लिहिलेलं असेल तर एका मुठीला रोटर पाच फेरे घेतो. ड्रॅग सुटत असताना वीस वेळा मूठ फिरवली की तंगूस एक वीतही आत आलेला नसतो, पण त्यात शंभर पीळ चढलेले असतात. मासा ओढतो तेव्हा मूठ थांबवायची. तो दम घेईल तेव्हा रॉड वर उचलायचा, मग खाली आणता आणता गुंडाळायचं. गरीला फिरणारा चमचा, म्हणजे पत्र्याचं चकाकतं आमिष, लावत असाल तर पुढे स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, हवंच. आणि फेकल्यावर कमान मुठीनं नाही, हातानं बंद करा, तंगूस जरासा ओढून घ्या. वेणीचे निम्मे गुंते या सवयीनं जातात.

पीळ चढलाच असेल तर तंगूस फेकायची घाई नको. वाहतं पाणी असेल तर गरी, शिसं, सगळं सोडून नुसता तंगूस पन्नास-साठ मीटर प्रवाहात जाऊ द्यायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि चिमटीत धरून परत गुंडाळायचा. नदी नसेल तर तलावाच्या पाळीवर टोक मोकळं ठेवून तेवढाच तंगूस मागे सोडत चालायचं. पीळ आपोआप टोकाकडून सुटतो.

गाठीबद्दल थोडंच सांगतो. साधी गाठ तंगुसाची ताकद निम्म्यावर आणते. नायलॉनला पाच-सहा वेढ्यांची नेहमीची गाठ पुरते. वेणीला ती सरकते. वेणीसाठी दोर दुहेरी करून गरीच्या डोळ्यातून काढायचा, त्या दुहेरी दोराची सैल गाठ मारायची, पुढे आलेल्या फासातून अख्खी गरी ओवून घ्यायची आणि ओढायचं. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणानं तंगूस तिथंच भाजतो आणि मोठा मासा नेमका तिथून तोडून जातो.

नायलॉन वर्षातून एकदा बदलावा, वेणी दोन-तीन वर्षं जाते. वेणीचं वरचं टोक झिजलं तर ती पूर्ण काढून उलटी भरायची. तळातली कोरी बाजू वर येते. काढलेला जुना तंगूस काठावर टाकू नका. तो कुजत नाही, आणि बगळ्या-खंड्यांचे पाय त्यात अडकतात; गोंदियाकडे तर तलावांजवळच्या धानाच्या बांध्यांत सारस फिरतात. कात्रीनं बोटभर लांबीचे तुकडे करायचे, प्लास्टिकच्या बाटलीत भरायचे, बूच लावायचं आणि घरच्या कचऱ्यात द्यायचे.